माळ्यावरचा नव्वदीतला टीव्ही गेम दुरुस्त करावा, की जपानी फॅमिकॉम मागवावा?

गोदाकाठ

नमस्कार. घर रंगवायला काढल्यामुळे माळा रिकामा करावा लागला आणि आम्हा भावंडांचा १९९० च्या दशकातला टीव्ही गेम हाती लागला. यंत्र मुळात पांढरे-राखाडी होते, आता बरेच पिवळे पडले आहे. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही, कॅसेट वरून उभी बसते, दोन्ही रिमोट नऊ पिनांच्या जोडणीने पुढून लागतात आणि सोबत एक काळी बंदूकही आहे. कॅसेटींपैकी एक ‘९९९९९९९ इन १’ या थाटाची आहे, एक पिवळ्या डबीतली काँट्रा या खेळाची आहे, आणि उरलेल्यांवरची स्टिकरे निघून गेल्यामुळे त्यांत काय आहे हे चालवून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

सध्याची अवस्था अशी की मूळ अडॅप्टर लावला तर लाल दिवा लागतो. आमच्याकडचा २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही अजून धडधाकट आहे. त्याला पिवळी आणि पांढरी पिन जोडली असता बहुतेक वेळा नुसता राखाडी पडदा दिसतो. काँट्राची कॅसेट थोडी हलवून बसवली तर खेळ सुरू होतो, पण माणसांच्या जागी आकड्यांचे आणि विटांचे तुकडे दिसतात. गंमत म्हणजे उडीचे बटण दाबले की तो तुकडा बरोबर उडी मारतो आणि गोळ्याही सुटतात. आवाज मात्र अजिबात येत नाही. दुसऱ्या रिमोटवर डावीकडे जाण्याचे बटण चालत नाही, बाकीची सगळी चालतात.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, या लक्षणांवरून यंत्र दुरुस्त होण्याजोगे आहे की नाही आणि सुरुवात कुठून करावी? दुसरी, भावाने त्याच्या लॅपटॉपवर इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) काँट्रा लावून दिला, पण तो मला लहानपणीपेक्षा लक्षणीय वेगवान वाटला. हा वयाचा परिणाम आहे की खरोखर काही फरक आहे? तिसरी, या नकली यंत्रावर वेळ घालवण्यापेक्षा सरळ जपानहून निन्टेन्डो कंपनीचे मूळ फॅमिकॉम, म्हणजे ज्याची ही नक्कल आहे ते यंत्र, मागवणे शहाणपणाचे ठरेल का? मला मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न वापरता येतो, पण इलेक्ट्रॉनिक्सचे रीतसर शिक्षण झालेले नाही.

कथील_आणि_तार

तुमच्या वर्णनावरून यंत्र जिवंत आहे, आणि बिघाड बहुधा तांब्या-पितळेवर साचलेल्या काळवंडीत आहे. तरीही कॅसेटींना हात लावण्याआधी अडॅप्टर तपासून घ्या, कारण या यंत्रांत सर्वाधिक नुकसान चुकीच्या अडॅप्टरनेच होते.

बहुतेक क्लोनांना, म्हणजे फॅमिकॉमच्या नकलांना, ९ व्होल्ट डीसी लागतात आणि गोल पिनेच्या आतल्या बाजूला ऋण, बाहेरच्या बाजूला धन अशी उलटी मांडणी असते. आज बाजारात मिळणाऱ्या साध्या अडॅप्टरांत, म्हणजे राउटर किंवा सेट-टॉप बॉक्ससोबत येणाऱ्यांत, नेमके याच्या विरुद्ध असते. त्यामुळे जुना अडॅप्टर कधी बंद पडला तर घरातला दुसरा कोणताही ‘९ व्होल्टचा आहे ना’ म्हणून लावू नका. आधी यंत्राच्या मागे छापलेले चिन्ह पाहा आणि मग मल्टिमीटरने अडॅप्टरची पिन मोजा. एनईएसचा, म्हणजे फॅमिकॉमच्या अमेरिकी आवृत्तीचा, अडॅप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो, तो अशा यंत्राला लावणे म्हणजे थेट नासाडी. तुमचा मूळ अडॅप्टर वजनदार, ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर नुसता मोजल्यावर तो ९ ऐवजी १२-१३ व्होल्ट दाखवील, त्याने घाबरून जाऊ नका. भार नसताना तसे होतेच, आणि यंत्राच्या आत ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर बसवलेला असतो, तो पुढे ५ व्होल्टच जाऊ देतो. यंत्र उघडून, सुरू असताना, त्याच्या मधल्या आणि तिसऱ्या पायांत व्होल्टेज मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान असेल तर पुढे जा. रेग्युलेटर गरम लागणे स्वाभाविक आहे, कारण वरचे सगळे व्होल्ट तो उष्णता म्हणूनच बाहेर टाकतो. त्याला जोडलेली ॲल्युमिनियमची पट्टी सैल झाली असेल तर स्क्रू आवळा. टीव्ही मात्र उघडू नका. पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टांच्या वर दाब असतो आणि तो बंद केल्यावरही काही काळ टिकून राहतो.

आता लक्षणांकडे येऊ. राखाडी पडदा स्थिर दिसतो आहे, म्हणजे चित्र तयार करणारा भाग टीव्हीला संकेत देतो आहे. प्रोसेसरला कॅसेटमधला प्रोग्राम वाचता येत नाही, इतकेच. काँट्राची गोष्ट याहून बोलकी आहे. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना असतात आणि त्यांचे दोन स्वतंत्र गट मानता येतील. एका गटातून प्रोसेसर खेळाचे नियम आणि संगीताच्या सूचना वाचतो, दुसऱ्या गटातून चित्राची चिप आकृत्यांचे ठसे उचलते. तुमच्याकडे उडी बरोबर लागते आहे आणि आकृती चुकते आहे, याचा अर्थ पहिला गट नीट टेकलेला आहे आणि दुसऱ्या गटातली एखादी-दुसरी पिन टेकत नाही. यंत्रातला आयसी जळला असता तर खेळ इतका सुसंगत चालला नसता.

आवाजाचे कारण अनेकांना ठाऊक नसते. फॅमिकॉममध्ये आवाज यंत्रातून सरळ टीव्हीकडे जात नाही. तो ४५ क्रमांकाच्या पिनेतून कॅसेटमध्ये शिरतो आणि ४६ क्रमांकाच्या पिनेतून परत येतो. काही जपानी कॅसेटींमध्ये स्वतःची ध्वनिचिप असे आणि तिचा आवाज मधल्या मध्ये मिसळता यावा म्हणून ही वाट ठेवलेली होती. साध्या कॅसेटीत या दोन पिना नुसत्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अनेक क्लोनांनी ही रचना जशीच्या तशी उचलली, त्यामुळे या दोहोंपैकी एक पिन जरी मळली तरी चित्र उत्तम आणि आवाज शून्य, असा प्रकार होतो.

यावर उपाय म्हणजे सफाई, पण ती फुंकर मारून नव्हे. आपण सर्वांनी लहानपणी कॅसेटींत फुंकर मारली आणि खेळ सुरू झाला, पण तो फुंकरीने नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो आणि कालांतराने हिरवट गंज धरतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. औषधांच्या दुकानातले स्पिरिट साधारण ७० टक्क्यांचे असते आणि उरलेले पाणी असते, ते टाळा. कानकोरण्याचा कापूस ओला करून पिनांच्या लांबीच्या दिशेने पुसा. काळा मळ येणे थांबेपर्यंत नवा कापूस घेत राहा. खोडरबराचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. ज्यांवर हट्टी डाग आहे त्या पिनांवर एकदा हलक्या हाताने वापरायला हरकत नाही, पण स्वस्त कॅसेटींवर मुलामा इतका पातळ असतो की दोन-चार वेळा घासले की खालचे तांबे उघडे पडते आणि मग गंज अधिकच लवकर चढतो.

यंत्रातली खाच साफ करण्यासाठी जुन्या एटीएम कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळून, अल्कोहोलमध्ये भिजवून, चार-सहा वेळा कॅसेटीसारखे सरळ आत-बाहेर करा. एवढ्याने फरक पडला नाही तर पीसीबी (आतली सर्किटची पाटी) उलटी करून खाचेचे साठ सोल्डरचे जोड भिंगाखाली पाहा. वर्षानुवर्षे कॅसेट दाबून बसवल्यामुळे कडेच्या पिनांच्या जोडांभोवती केसासारखी गोल चीर पडलेली असते. आयर्न टेकवून थोडे नवे सोल्डर वाहू दिले की ती भरून निघते.

रिमोटविषयी एक तर्क सांगतो. रिमोटच्या आतून पाचच तारा येतात, बटणे मात्र आठ असतात. आतली चिप आठही बटणांची स्थिती एकाच तारेवरून एकामागून एक पाठवते, त्यामुळे तार तुटली असती तर सगळाच रिमोट मेला असता. एकच दिशा मेली आहे म्हणजे दोष त्या बटणाखालच्या काळ्या कार्बन पॅडमध्ये किंवा पीसीबीवरच्या त्याच्या ठशात आहे. स्क्रू काढा, दोन्ही पुसा. तरी चालत नसेल तर न लागणाऱ्या टर्बो बटणाखालचा पॅड कापून तिथे चिकटवता येतो. नऊ पिनांच्या खाचेत सेगाचा रिमोट अगदी नीट बसतो, पण तारांची मांडणी वेगळी असल्यामुळे तो लावून पाहू नका.

या सगळ्यानंतरही राखाडी पडदा कायम राहिला तरच काळजीचे कारण आहे. नव्वदीच्या उत्तरार्धातल्या बहुतेक क्लोनांत प्रोसेसर, चित्राची चिप आणि मेमरी मिळून एकच काळा इपॉक्सीचा गोळा पीसीबीवर ओतलेला असतो. तो गेला तर दुरुस्ती नाही. तुमच्या यंत्रात पाय असलेले वेगवेगळे आयसी दिसले तर यंत्र जुन्या घडणीचे आहे, आणि ते अधिक जपण्यासारखे आहे.

रविवारचा_जुना_बाजार

वरच्या प्रतिसादात दुरुस्तीविषयी काही उरलेले नाही, म्हणून मी तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आले आणि निन्टेन्डोने त्याचे उत्पादन २००३ पर्यंत चालू ठेवले, त्यामुळे ते दुर्मीळ वगैरे अजिबात नाही. जपानी विक्रेत्यांकडे ते ढिगाने मिळते. अडचण ते भारतात चालवण्याची आहे. लाल-पांढऱ्या मूळ यंत्राला पिवळी-पांढरी पिन नसते, फक्त अँटेनाची वाट असते, आणि ती जपानी वाहिन्यांच्या वारंवारतेवर, एनटीएससी या तिकडच्या टीव्ही पद्धतीने चालते. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत दूरदर्शन आले ते पाल पद्धतीचे. त्यामुळे आपल्या टीव्हीवर वाहिनी सापडली तरी रंग किंवा आवाज यांपैकी काहीतरी हुकते. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टांचा असतो, आपल्या २३० व्होल्टांच्या सॉकेटमध्ये तो क्षणभरही टिकणार नाही. रिमोट यंत्राला कायमचे जोडलेले असतात, आणि त्यांच्या तारा आपल्या दिवाणखान्यांसाठी फारच आखूड आहेत.

जपानी यंत्र घ्यायचेच असेल तर १९९३ अखेरीस आलेले एव्ही फॅमिकॉम घ्या. त्याला पिवळ्या-पांढऱ्या पिनांची सोय आहे आणि रिमोट सुटे निघतात. मात्र त्याचेही चित्र एनटीएससीच असते, म्हणून तुमचा टीव्ही ते रंगात दाखवतो का हे आधी पाहा. नव्वदीच्या उत्तरार्धातले अनेक रंगीत टीव्ही दाखवतात, त्याआधीचे बरेच काळे-पांढरे दाखवतात. सीमाशुल्काचा हिशेबही विक्रेत्याच्या किमतीत न धरता वेगळा धरा.

पण माझे प्रामाणिक मत विचाराल तर ‘नकली’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. आपल्या पिढीने जे खेळले त्यांत निन्टेन्डोचे यंत्र जवळपास कोणतेच नव्हते. मीडिया कंपनीचा लिटल मास्टर, आणि त्याच्या मागोमाग मुंबईच्या मनीष मार्केटपासून तालुक्याच्या भेटवस्तूंच्या दुकानापर्यंत पोहोचलेली बिननावाची यंत्रे, हाच आपला इतिहास आहे. १९९५ मध्ये शॉ वॉलेस या कंपनीने सेगाची यंत्रे अधिकृतपणे भारतात आणली खरी, पण ती मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यातली नव्हती. संग्राहक म्हणून मला आता जपानी यंत्रापेक्षा भारतीय बाजारातला खोका, त्यावरचे चित्र आणि आतली मराठी-हिंदी-इंग्रजीची खिचडी असलेली हमीपत्रे अधिक मोलाची वाटतात, कारण जपानी वस्तूंची नोंद जपानी लोकांनी काटेकोरपणे ठेवली आहे आणि आपल्या वस्तूंची कोणीच ठेवलेली नाही. तुमच्या माळ्यावर खोका किंवा दुकानाची पावती असेल तर रंगाऱ्याच्या हाती रद्दीत जाऊ देऊ नका.

स्टिकर नसलेल्या कॅसेटींवर तर विशेष लक्ष ठेवा. ‘९९९९९९९ इन १’ मध्ये प्रत्यक्षात मूठभरच खेळ असतात आणि उरलेल्या ओळी त्याच खेळांना वेगळ्या टप्प्यापासून किंवा वाढीव जिवांसह सुरू करतात. सुपर मारिओ ब्रदर्सचा अख्खा खेळ ४० किलोबाइटांत मावतो, तेव्हा विक्रेत्यांना यादी लांबवणे किती सोपे गेले असेल याची कल्पना येईल. पण या यादीच्या पडद्यांची पार्श्वचित्रे आणि संगीत कॅसेटीगणिक वेगळे असते आणि ते कुठल्याही अधिकृत सूचीत सापडत नाही. चालू झाल्यावर पडद्याचे छायाचित्र अवश्य काढून ठेवा.

पिवळेपणाविषयी विचारलेले नाही, तरी कोणीतरी सुचवीलच म्हणून सांगतो. आगीला प्रतिरोध व्हावा म्हणून प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची संयुगे घातलेली असतात आणि उन्हाने तो रंग येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की तो उतरतो, परंतु काही काळाने परततो आणि हात हलका नसेल तर चट्टे पडतात. मी माझ्या संग्रहातली यंत्रे पिवळीच ठेवली आहेत.

पन्नास_हर्ट्झ

वेगाचा प्रश्न कोणी घेतला नाही, तो मी घेतो. तो तुमचा भास नाही.

फॅमिकॉमचे खेळ टीव्हीच्या पडद्याच्या तालावर चालतात. प्रत्येक नवे चित्र सुरू होण्याआधी प्रोसेसरला एक इशारा मिळतो आणि त्या इशाऱ्यावर खेळाडू एक पाऊल सरकतो, गोळी पुढे जाते, संगीताचा पुढचा सूर लागतो. जपान आणि अमेरिकेत हा इशारा सेकंदाला सुमारे ६० वेळा येतो, आपल्या पाल टीव्हीवर ५० वेळा. काँट्रा लिहिला गेला ६० साठी. म्हणजे आपण सगळे तो मूळ वेगाच्या साधारण ८३ टक्क्यांनी खेळलो. धबधब्याच्या टप्प्यावर आपले बोट इतके तरबेज कसे होते, याचे अर्धे उत्तर यात आहे. भावाच्या लॅपटॉपवरचा इम्युलेटर तुम्हाला जपानी-अमेरिकी वेग दाखवतो आहे.

यात एक बारकावा आहे. निन्टेन्डोने युरोपसाठी जे पाल यंत्र बनवले त्यात प्रोसेसरचाही वेग १.७९ वरून १.६६ मेगाहर्ट्झवर आला, त्यामुळे अमेरिकी खेळ त्यावर चालवला तर संगीत संथ तर होतेच, शिवाय सूरही अर्ध्या स्वराहून थोडा अधिक खाली उतरतो. तैवान आणि चीनमधल्या क्लोन बनवणाऱ्यांनी वेगळी युक्ती केली. त्यांनी पडदा ५० चाच ठेवला, पण प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर चालवला. परिणामी ताल संथ होतो आणि सूर जवळपास मूळचाच राहतो. रशियात १९९२ पासून विकले गेलेले डेंडी याच घडणीचे होते, म्हणून या पद्धतीलाच डेंडी म्हणतात, आणि आपल्याकडचे पाल क्लोनही बहुधा त्याच कुळातले. मेसेन किंवा एफसीईयूएक्स या इम्युलेटरांत प्रदेशाच्या यादीत डेंडी हा पर्याय आहे. तो निवडून काँट्राचा पहिला टप्पा ऐका. तुमच्या कानांना तो लगेच ओळखू येईल.

यंत्र उघडाल तेव्हा पीसीबीवरचे चांदीसारखे चपटे क्रिस्टल, म्हणजे यंत्राचा ताल ठरवणारा भाग, पाहा. त्यावर २६.६०१ असे कोरलेले असेल तर यंत्र पाल आहे, २१.४७७ असेल तर एनटीएससी. दोन्ही आकडे टीव्हीच्या संकेतात रंगाची माहिती वाहणाऱ्या लहरीच्या सहापट आहेत: पालसाठी ४.४३ मेगाहर्ट्झची सहापट, एनटीएससीसाठी ३.५८ ची.

पिक्चर ट्यूबचा टीव्ही कृपया विकू नका. बंदूक फक्त त्याच्यावरच चालेल. डक हंट या बदकांच्या शिकारीच्या खेळात चाप ओढल्यावर पडदा क्षणभर काळा होतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतला प्रकाशसंवेदक त्या चौकोनाचा उजेड दिसला की नाही एवढेच यंत्राला कळवतो. दोन बदके असतील तर दोन चौकोन पाठोपाठच्या चित्रांत येतात आणि कोणत्या चित्रात उजेड दिसला यावरून नेम कोणावर होता ते ठरते. एलईडी टीव्ही चित्रावर प्रक्रिया करून ते उशिरा दाखवतो, आणि पिक्चर ट्यूबवरचा किरण रेघ ओढत जाताना जी वेगवान थरथर निर्माण करतो ती त्यात नसते, म्हणून बंदूक आंधळी होते. शेवटच्या काळातले १०० हर्ट्झचे महागडे ट्यूबवाले टीव्हीसुद्धा यासाठी निरुपयोगी आहेत. तुमचा साधा २१ इंची उत्तम. बंदूक चालत नाही असे वाटले तर आधी ब्राइटनेस वाढवून पाहा.

एलईडी टीव्हीवर कधी खेळावेच लागले तर स्वस्तातल्या एव्ही ते एचडीएमआय डबीवर समाधान मानू नका. ही यंत्रे टीव्हीच्या रेघा एकाआड एक न पाठवता प्रत्येक वेळी तेवढ्याच रेघा पाठवतात. स्वस्त डबी ते ओळखत नाही, दोन चित्रे एकमेकांत विणू पाहते, आणि सरकणाऱ्या चित्राच्या कडांना कंगव्याचे दात येतात. यासाठी पिवळी पिन स्वीकारणारे रेट्रोटिंकसारखे अपस्केलर (जुने चित्र नव्या टीव्हीसाठी मोठे करणारी यंत्रे) असतात, ते महाग आहेत आणि तुमच्याकडे ट्यूबवाला टीव्ही असताना गरजेचेही नाहीत.

नवा_कपॅसिटर

वरचे सर्व मान्य, तरी एक मुद्दा राहून गेला. तीस वर्षांपूर्वीचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे डबीसारखे भाग) आतून सुकलेले असतात. यंत्र उघडलेच आहे तर ते सगळे बदलून टाकणे उत्तम. खर्च एका सिनेमाच्या तिकिटाहून कमी येतो.

कथील_आणि_तार

याच्याशी मी सहमत नाही. सेगाच्या गेम गिअरमध्ये किंवा पहिल्या एक्सबॉक्सच्या घड्याळाच्या कपॅसिटरच्या बाबतीत ‘दिसला की काढा’ हा नियम योग्य आहे, कारण ते गळतात आणि पीसीबीचे ट्रॅक खातात. अशा क्लोनांत मात्र मोजून चार-पाच साधे, लांब पायांचे कपॅसिटर असतात आणि ते क्वचितच गळतात. उलट या पीसीबी एकपदरी आणि हलक्या प्रतीच्या असल्यामुळे नवशिक्या हाताने आयर्न जास्त वेळ टेकवला की तांब्याची चकती उचलून येते. चित्रात आडव्या लाटा सरकत असतील, टीव्हीतून घूं असा आवाज येत असेल किंवा कपॅसिटरचे डोके फुगले असेल तर रेग्युलेटरजवळचा मोठा कपॅसिटर तेवढा बदलावा. क्षमता तीच, व्होल्टेज तेवढे किंवा जास्त, आणि पांढरी पट्टी असलेली बाजू ऋण. लक्षण नसताना शस्त्रक्रिया नको.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आधी अडॅप्टर मोजला, आतून ऋण आणि भाराशिवाय १२.८ व्होल्ट निघाले, रेग्युलेटरनंतर ५.०२. क्रिस्टलवर २६.६०१७१२ असे कोरलेले आहे आणि पीसीबीवर काळा गोळाच आहे. खाच आणि कॅसेटी पुसल्यावर काँट्रा पहिल्याच वेळी स्वच्छ चित्रासह आणि आवाजासह सुरू झाला. डेंडी पर्यायावर लॅपटॉपवर ऐकलेले संगीत आणि यंत्रावरचे संगीत सारखेच आहे. दुसऱ्या रिमोटचा पॅड पुसल्यावर डावी दिशा लागते, मात्र जरा जोर द्यावा लागतो. स्टिकर नसलेल्यांपैकी एकीत बॅटल सिटी, रोड फायटर आणि सर्कस चार्ली निघाले, तिच्या यादीच्या पडद्याचे छायाचित्र काढून ठेवले आहे. खोका सापडला नाही.

एक कोडे उरले आहे. ‘९९९९९९९ इन १’ ची कॅसेट चित्र उत्तम दाखवते, पण आवाज देत नाही. बाकी सगळ्या कॅसेटींना त्याच यंत्रावर आवाज आहे. पिना चकचकीत दिसतात. हा त्या ४५-४६ पिनांचा प्रकार आहे का, आणि असल्यास डबी न मोडता तो कसा तपासावा?

कथील_आणि_तार

होय, तोच प्रकार असावा, आणि तपासणी सोपी आहे. ४५ आणि ४६ या पिना एका बाजूच्या तीस पिनांच्या ओळीत अगदी मधोमध, म्हणजे कोणत्याही कडेने मोजल्या तरी पंधराव्या आणि सोळाव्या येतात. समोरच्या बाजूलाही मध्यावर दोन पिना आहेतच आणि त्यांचा आवाजाशी संबंध नाही, त्यामुळे बाजू ओळखण्यासाठी आधी काँट्राची कॅसेट घ्या, मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि दोन्ही बाजूंच्या मधल्या जोड्या तपासा. ज्या बाजूला बीप वाजेल ती आवाजाची बाजू. डबीच्या आकाराप्रमाणे तीच बाजू आता ‘९९९९९९९ इन १’ वर तपासा. तिथे बीप वाजला नाही तर कॅसेटीतला जोड एक तर मुळातच नाही किंवा तुटला आहे. तिथे बीप वाजला तर दोष यंत्राच्या खाचेत किंवा त्या कॅसेटीच्या पीसीबीच्या जाडीत आहे. स्वस्त पीसीबी जरा पातळ असते आणि मधल्या पिनांवर दाब कमी पडतो.

जोड नसेल तर डबी उघडावी लागेल. यांना बहुधा स्क्रू नसतात, कडेला खटके असतात. प्लास्टिकचे जुने कार्ड खालच्या बाजूने, म्हणजे पिनांच्या तोंडाकडून, सरकवत न्या. वरून स्क्रूड्रायव्हर खुपसला की कोपरा फुटतोच. आत गेल्यावर तार पिनेच्या चकचकीत भागावर लावू नका, कारण तो भाग खाचेत जातो. पिनेपासून वर आलेल्या ट्रॅकवरचा हिरवा लेप पात्याने दोन मिलिमीटर खरवडा, उघड्या तांब्यावर आधी सोल्डरचा पातळ थर द्या आणि मग दोहोंमध्ये केसाएवढी बारीक तार ठेवून आयर्न क्षणभर टेकवा. डबी बंद करण्याआधी पुन्हा बीप तपासा, आणि सोल्डर शेजारच्या ४४ किंवा ४७ क्रमांकाच्या पिनेकडे ओघळलेले नाही हेही त्याच मल्टिमीटरने पाहून घ्या.